आभाराची दुसरी टेप

"कर्णे मी भाड्यानं देतो, आवाज दिला होता तो उसना, आणि उसनं दिलेलं मी परत घेतल्याशिवाय राहत नाही."

हे तो बायकोला म्हणाला होता, ती भाजी निवडत बसलेली असताना, आणि तेही कुजबुजत. त्या दिवसांत त्याच्या घशातून कुजबुजीपलीकडे काही निघतच नव्हतं. बायकोने मान वर न करता सांगितलं, "घ्या की परत. पण हात धुऊन मागे लागू नका. माझा सख्खा भाऊ आहे तो."

"म्हणून तर," तो म्हणाला.

पक्षात त्याला सगळे 'आवाज' म्हणत. अंगाने काटकुळा, गळ्याची घाटी एवढी वर आलेली की काहीतरी गिळायचं राहून गेल्यासारखं वाटावं. पण बोलायला लागला की ऐकणारा मागे वळून बघायचा, दुसरा कुणी बोलला का. बाजारामागच्या गल्लीत, एका इमारतीच्या जिन्याखाली त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक दरवाजा आणि दरवाजाएवढीच खोली. छताला लाउडस्पीकरचे कर्णे टांगलेले, मोठ्या, मुक्या फुलांसारखे. खाली वायरींची वेटोळी, डागणीचा वास, आणि पोटं फाडून ठेवलेले अॅम्प्लिफायर. वर जिन्यावरून माणसं चढायची-उतरायची आणि त्यांची पावलं त्याच्या डोक्यावरून जायची. दुकानांची उद्घाटनं, शोकसभा, शाळांची संमेलनं, सगळीकडे त्याचेच कर्णे असत. पण खरा हंगाम निवडणुकीचा. त्या दिवसांत तो टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसायचा, माईक ओठाला लावायचा आणि सगळं गाव त्याच्या घशातून जायचं.

पक्षात तो आला तो एका बिघडलेल्या माईकमुळे. शाखा ज्यांनी स्थापन केली ते निवृत्त मास्तर कोपऱ्यावर सभा घेत होते आणि माईक सारखा शिट्टी मारत होता. याला बोलावलं. याने वायर बदलली आणि नीट झालंय का बघायला "हॅलो, हॅलो" म्हटलं. जाणारी माणसं थांबली. मास्तर म्हणाले, "बाळ, तू हॅलोच म्हणत राहा. मी बोलायला लागलो की निघून जातील." तो तिथेच राहिला. शाखेत झेंडे शिवायला एक मुलगी यायची. पुढे तिच्याशीच त्याचं लग्न झालं. त्या मुलीचा थोरला भाऊ म्हणजे दादा. मास्तरांनंतर शाखाप्रमुख झाला तो हाच.

दादाचं नळ आणि पाइपांचं दुकान होतं. धिप्पाड माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, चालताना आधी पोट आणि मग दादा. फक्त आवाज मात्र असा की पाणी येण्याआधी नळातून हवा यावी. पण सभेत हे कुणाला कळत नसे. मेहुण्याच्या आवाजाखाली हा बहिणीचा नवरा गेली कित्येक वर्षं गुपचूप खर्ज घालत आला होता. वरची किनार कापायची, जरासा घुमारा सोडायचा, आणि दादा खोकणार असं दिसलं की अंगठ्याने आवाज आधीच खाली घ्यायचा. लोकांना कर्ण्यातून पुढारी ऐकू यायचा. दादालाही तोच ऐकू यायचा. माणूस जन्मभर आरशातच स्वतःला बघत राहिला तर आरसा कुणाचा हे विसरतो.

या शाखेची एक पद्धत होती. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, जिंको वा पडो, टेम्पो त्याच रस्त्यांनी पुन्हा फिरायचा आणि मतदारांचे आभार मानायचा. त्यासाठी मतमोजणीच्या आदल्या दिवशी शाखेच्या खोलीत सगळ्यांसमोर दोन टेपा करायच्या, आधी हरल्याची आणि मग जिंकल्याची. मास्तर म्हणायचे, पडल्यावर आभार मानायला जीभ उचलत नाही. आधीच मानून ठेवा. कॅसेटी जाऊन जमाना झाला, आता सगळं बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर असायचं, तरी शाखेत शब्द टेप हाच राहिला. आणि पक्ष इथे पडायचाच जास्त, त्यामुळे हरल्याची टेपच लोकांच्या कानात बसलेली. आवाज ती फार मनापासून करायचा. "आपण आम्हाला नाकारलंत, पण ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार." खिडकीतून बायका हात हलवायच्या. एकदा एक शिंपी टेम्पोच्या आडवा येऊन म्हणाला होता, "मत तुम्हाला देत नाही, पण तुमचं पडणं ऐकायला बरं वाटतं."

या वेळी मात्र हवा वेगळी होती. देशभर पक्ष येणार असं सगळे म्हणत होते. निदान शाखेतले तरी म्हणत होते, आणि दिवसभर एकमेकांनाच सांगत असल्यामुळे ते त्यांना सगळीकडून ऐकू येत होतं. मोजणीच्या आदल्या दुपारी सगळे खोलीत जमले. खिडक्या लावल्या. पंख्याची घरघर येऊ नये म्हणून पंखा बंद केला. घामाने निथळत माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. महिला आघाडीच्या नर्सबाई, पत्रकं छापणारा छापखानेवाला, टेम्पोचा ड्रायव्हर, आणखी पाच-पंचवीस जण. आवाजाने घसा साफ केला आणि पद्धतीप्रमाणे हरल्याची सुरू केली.

"मतदार बंधू-भगिनींनो, आपण आम्हाला..."

दादाने माईकवर तळहात ठेवला.

"हे नको, दाजी."

"दादा, पद्धत आहे."

"पद्धत मास्तरांबरोबर गेली. ती पडणाऱ्यांची पद्धत. आपण काय पडायला उभे आहोत?"

"दोन मिनिटांचं काम आहे. नाही लागली तर पुसून टाकू."

"तोंडातून वाईट काढायचं आणि मग पुसायचं? कशाला?" दादाने खोलीकडे पाहिलं. "काय हो, करायची का पडण्याची टेप?"

पहिली टाळी छापखानेवाल्याने वाजवली. मग सगळ्यांनी. नर्सबाईंनी वाजवली, ड्रायव्हरने पान्हा काखेत धरून वाजवली. बंद खोलीत टाळ्या फार मोठ्या वाटल्या. मग दादा सांगत गेला आणि आवाज बोलत गेला. "नुसता विजय नको, दाजी. ऐतिहासिक विजय म्हणा. आणि ऐतिहासिक म्हटल्यावर जरा थांबा. लोकांना पचू द्या."

तो थांबला. इतका घोटीव, इतका सुंदर शब्द त्याने उभ्या आयुष्यात उच्चारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पक्ष देशभर झोपला. गावातली जागा तर गेलीच, पण जिथे कधी गेली नव्हती तिथल्याही गेल्या. शाखेतला टीव्ही कुणी बंद केला ते कळलं नाही. संध्याकाळपर्यंत खोलीत नुसत्या खुर्च्या होत्या, आणि एकीवर कुणाचा तरी विसरलेला चष्मा. महिनाभर ओरडून आवाजाचा घसा आतून सोलला होता. डॉक्टरने बॅटरी मारून आत पाहिलं आणि चेहरा कसनुसा केला. "एक शब्दही बोलायचा नाही. हॅलोसुद्धा नाही. नाहीतर हा गेला म्हणून समजा."

दुसऱ्या सकाळी ड्रायव्हरने दादाला फोन केला. दादा घराचं दार लावून बसला होता.

"फेरी काढायची का, दादा?"

"पद्धत आहे ना? मग काढ."

"बोलणार कोण? आवाज तर पडलाय अंथरुणात."

"टेप आहे ना? लाव की. तेवढंही मीच सांगायचं?" आणि फोन ठेवला.

पद्धतीचा अर्धा भाग मोडून उरलेल्या अर्ध्याला घट्ट धरून बसायचं, हे फक्त या शाखेतच होऊ शकत होतं. ड्रायव्हरने टेप लावली. टपावर कर्णे चारही दिशांना तोंडं करून. खाली काचा लावलेल्या केबिनमध्ये शब्द पोचत नाहीत, नुसता गडगडाट पोचतो. त्यात तो ड्रायव्हर रात्रभर झोपलेला नव्हता. त्याने गिअर टाकला आणि निघाला.

आवाज गरम पाण्याच्या गुळण्या करत मोरीशी उभा होता. आधी त्याला वाटलं ताप चढला. बाजाराच्या वळणावरून त्याचाच आवाज येत होता. स्वच्छ, भरदार, जिवंत. "बंधू-भगिनींनो, आपण मिळवून दिलेल्या या ऐतिहासिक..." आणि मग ती थांबलेली जागा. तेवढ्या जागेत त्याला रस्त्यावरून कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं. "...विजयाबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत!"

तो बनियनवरच धावत सुटला. तोंड उघडलं, पण तोंडातून वारासुद्धा आला नाही. पुढे टेम्पो, टेम्पोवर त्याचा आवाज, आणि मागे तो, आवाजाशिवाय. टाळ्या वाजवून पाहिल्या, हात वर करकरून पाहिले. ड्रायव्हरने आरशात बघितलं. पक्षाचा माणूस पराभवातही उत्साहाने हात करतोय असं त्याला वाटलं असावं, कारण त्यानेही आतूनच हात हलवला आणि वेग वाढवला. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून माणसं बघत होती. कुणीतरी फोन वर धरला होता. मग सगळ्यांनीच धरले.

दुपारपर्यंत ते चित्र गावातल्या प्रत्येक फोनवर होतं. टेम्पो विजयाचे आभार मानत चाललाय आणि मागून बनियनमधला एक माणूस मुका होऊन पळतोय.

'आवाज' हे नाव त्या दिवशी मेलं. बेकरीत गेला की बेकरीवाला म्हणायचा, "या, ऐतिहासिक! ब्रेड साधा देऊ की तुमच्यासारखा?" नाक्यावरच्या रिकामटेकड्यांनी त्याच्यापुढे एक खेळ सुरू केला. एकाने म्हणायचं "ऐतिहासिक", मग सगळ्यांनी गप्प राहायचं, आणि तो पुढे गेला की मागून "विजय!" हे सगळं एक वेळ सोसलं असतं. पण चपलांच्या नव्या दुकानाचा मालक आला तो दाराबाहेरच घुटमळला.

"उद्घाटनाला कर्णे हवेत तुमचे."

आवाजाने मान हलवली आणि बोटाने स्वतःकडे दाखवलं: आणि मी?

"नको, नको. कर्णे तेवढे द्या. तुमचा आवाज लागला की लोक हसायला लागतात हो. चपला कोण घेणार?"

उद्घाटनाला कुणीतरी कॉलेजातला पोरगा त्याच्या कर्ण्यांतून बोलला. 'शुभारंभ'सुद्धा धड म्हणता येत नव्हतं त्याला. आवाज रस्त्यापलीकडे उभा राहून ऐकत होता. त्याच दिवशी घरी आल्यावर तो ते उसनं दिल्याचं वाक्य बोलला होता.

दादा पाचव्या-सहाव्या दिवशी घराबाहेर पडला, आणि बाहेर पडला तो एक वाक्य तयार करूनच. "आमच्या दाजींनी जरा घाई केली. कलाकार माणूस, काय करता!" हे तो हसून म्हणायचा, खांदे उडवून, घरातल्या माणसाचं कौतुक केल्यासारखं. त्यामुळे कुणाला ते खोटं म्हणता येत नव्हतं. त्या बंद खोलीत हजर असलेले सगळेच हे वाक्य ऐकत होते आणि हसत होते. ड्रायव्हरचा पगार दादाच्या दुकानातून होता. छापखानेवाल्याला पुढच्या निवडणुकीची पत्रकं छापायची होती. नर्सबाईंना काय हवं होतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या फक्त समोरून आवाज येताना दिसला की रस्ता ओलांडायच्या.

घसा परत आला तो बदललेला. तळाशी गंज. पहिलं वाक्य त्याने जपून ठेवलं होतं, ते घेऊन दादाच्या दुकानात गेला. गिऱ्हाईक जाईपर्यंत नळांच्या रांगेपुढे उभा राहिला.

"दादा, टेप लाव म्हणून तुम्ही सांगितलंत. दुसरी, हरल्याची, तुम्ही करू दिली नाहीत. एवढंच चारचौघांत म्हणा."

"बसा तर खरं, दाजी. घसा बरा दिसतोय."

"म्हणणार का?"

दादा एक नळ उघडझाप करत राहिला. त्यात पाणी नव्हतं. "हे बघा, पुढच्या रविवारी वरून निरीक्षक येताहेत. आत्मचिंतनाची बैठक आहे. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, सगळं त्या दिवशी. मी आत्ता असं काही म्हटलं तर माझं पद जाईल. तुम्हाला काय पद आहे जायला?"

"माझं नाव गेलंय."

"नाव काय, लोक विसरतात. पद विसरत नाहीत." मग सूर खाली आणून, प्रेमाने, "घरातली गोष्ट घरात ठेवा. बहिणीकडे बघून तरी."

आवाज जायला वळला. दादा मागून म्हणाला, "आणि रविवारी कर्णे जास्त आणा. दोन-चार रस्त्यावर लावा, चौकापर्यंत. पक्ष मेला नाही हे लोकांना ऐकू गेलं पाहिजे."

"लावतो," आवाज म्हणाला. "चौकापर्यंत लावतो."

तो आठवडा त्याने एखादं दुखणं जोपासावं तसा जोपासला. डागणी करताना, वायर सोलताना तो मनातल्या मनात दादाला वेगवेगळ्या तऱ्हांनी मारत होता. कधी सभेत मध्येच उठून, कधी शिव्या देऊन, कधी नुसतं कॉलर धरून. प्रत्येक वेळी शेवटी दादा हसायचा आणि म्हणायचा, कलाकार माणूस. ओरडणाऱ्या माणसाला कलाकार म्हणून बाजूला सारता येतं, हे त्याला हळूहळू समजलं. सूड ओरडून घेता येत नव्हता.

बायकोचं एकच पालुपद होतं, भाऊ आहे तो. मग एका सकाळी ती दवाखान्याच्या रांगेत उभी असताना मागची बाई दुसरीला म्हणाली, "पुढं ऐतिहासिक वहिनी आहेत ना, त्यांच्यानंतर माझा नंबर." ती औषध न घेताच घरी आली. बराच वेळ खिडकीत उभी राहिली. आतल्या खोलीत नवरा माईक पुसत बसला होता, समोर पेनड्राइव्ह. तिने पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

"टेप करताय?"

त्याने मान हलवली.

"मग पंखा बंद करा. घरघर येते."

तिने स्वतःच पंखा बंद केला, दार लावलं, आणि पलंगाच्या कडेवर बसून शेवटपर्यंत ऐकलं. संपल्यावर म्हणाली, "आईबद्दलचं तेवढं काढा. आईनं काय केलंय?"

"असला मुलगा..."

"असली मुलगीही तिचीच आहे. काढा."

त्याने ते काढलं. मग तिला म्हणाला, "रविवारी दादा आपणहून बोलला, तर ही खिशातच राहील. शपथ."

"तो बोलायचा नाही," ती म्हणाली. "लहानपणी बरणी फोडली तेव्हाही मीच मार खाल्ला होता."

रविवारी शाखेची वरच्या मजल्यावरची खोली भरली. हरल्यावर माणसं दोनच कारणांनी जमतात, कोण उरलंय हे बघायला आणि कोण जातंय हे बघायला. भिंतीवर पडलेल्या उमेदवाराचं पोस्टर अजून हसत होतं. कोपऱ्यातल्या टेबलावर अॅम्प्लिफायर होता, आवाजाने स्वतः बनवलेल्या लाकडी पेटीत; पेटीला जाळीचं झाकण आणि झाकणाला छोटं कुलूप, म्हणजे सभेत कुणी बटणं फिरवू नयेत. त्याच्या मागे आवाज उभा. त्याची बायको मधल्या वाटेच्या कडेला बसली होती. निरीक्षक म्हणजे सर्दी झालेले एक सडपातळ गृहस्थ, गोळी चघळत. बाहेर रस्त्यावर, चौकापर्यंत, खांबाखांबाला कर्णे.

दादा बोलायला उठला. आवाजाने त्याला सुरुवातीला सगळं दिलं. इतका खर्ज, इतका घुमारा त्याने दादाला कधीच दिला नव्हता. खाली रस्त्यावर माणसं थांबू लागली.

"मित्रांनो, चुका झाल्या. मी त्या मोकळ्या मनाने मान्य करायला उभा आहे."

आवाजाचा हात शर्टाच्या खिशावरून खाली आला. त्याने बायकोकडे पाहिलं. क्षणभर दोघांनाही खरंच वाटलं.

"वरच्यांचं धोरण चुकलं. पाऊसपाणी... म्हणजे हवामान आपल्या बाजूनं नव्हतं. आणि एक चूक अशी झाली की जगात हसं झालं." दादा थांबला, हसला, खांदे उडवले. "पण घरच्या माणसाला काय बोलणार? आमच्या दाजींनी जरा घाई केली!"

खोली हसली. सगळी मोठ्याने नाही, पण हसली.

आवाजाने अंगठा फिरवला. आधी घुमारा गेला. मग खर्ज गेला. दादाच्या पायाखालून कुणीतरी हळूच स्टूल काढून घ्यावं तसं झालं.

"आता आपण नव्या जोमाने..." हे वाक्य नळातल्या हवेसारखं बाहेर आलं आणि चौकापर्यंत गेलं. खालून कुणीतरी विचारलं, "कोण बोलतंय हे?" दादाने माईककडे पाहिलं, ठोकून पाहिलं. "दाजी, जरा बघा हो." त्याला वाटलं माईक बिघडला. आपलाच आवाज त्याला ओळखता आला नाही.

निरीक्षकांनी गोळी गालात सारली. "एक विचारू का? मास्तर होते तेव्हा मी एकदा इथं आलो होतो. तेव्हा तुमची हरल्याची टेप ऐकली होती. अजून आठवते. तुम्ही दोन करता ना? मग या वेळची दुसरी कुठंय?"

नर्सबाई आपल्या चपलांकडे बघू लागल्या. छापखानेवाला नखातली शाई काढू लागला. ड्रायव्हरला छतावर काहीतरी दिसलं.

दादाने क्षणात माईक दांडीवरून काढला आणि टेबलापलीकडे पुढे केला. चेहऱ्यावर तेच घरगुती हसू. "हा प्रश्न दाजींना. सांगा दाजी, दुसरी टेप कुठं ठेवलीत?"

आवाजाने माईक घेतला. एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. त्या दुपारी भिंतीला टेकून ते ज्या ओळीत उभे होते, जवळपास त्याच ओळीत आता बसले होते. कुणीतरी एकाने बोलावं एवढा वेळ त्याने दिला. निरीक्षकांना एक शिंक येऊन गेली.

मग त्याने माईक बंद केला आणि टेबलावर पालथा ठेवला. खिशातून पेनड्राइव्ह काढून पेटीत लावला. खर्ज पुरता चढवला, झाकण लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"मतदार बंधू-भगिनींनो," कर्णे म्हणाले. गंजलेला होता, पण तोच आवाज होता. तो खोलीत होता, जिन्यात होता, चौकात होता. "आपण आम्हाला पाडलंत, त्याबद्दल उशिरानं आभार. हे आभार वेळेवरच मानायचे होते. शाखाप्रमुखांनी माईकवर हात ठेवला आणि मानू दिले नाहीत. त्या हाताचे आभार. पडलेल्या दिवशी दार लावून फोनवर 'टेप लाव' म्हणाले, त्या दाराचे आभार. त्यानंतर माझं नाव पुढं केलं. मेहुण्याचं नाव वापरायला घरच्या घरात मिळतं, त्या सोयरिकीचे आभार."

"बंद करा ते!" दादा ओरडला. माईक बंद होता. ते ओरडणं जेमतेम तिसऱ्या खुर्चीपर्यंत गेलं आणि तिथेच विरलं. तो पेटीवर झुकला, जाळीत बोटं घातली. बोटं बटणांपर्यंत पोचत नव्हती. "वायर कुठली ती काढा! अरे, कुणीतरी काढा!" छापखानेवाल्याने एक वायर उपटली. पंखा बंद पडला.

"पान्हा काखेत धरून टाळ्या वाजवणाऱ्यांचे आभार," कर्णे म्हणत होते, आणि पंख्याची घरघर गेल्यामुळे आता जास्तच स्वच्छ. "रस्ता ओलांडून जाणाऱ्यांचे आभार. घाई कुणाला होती, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जे तिथं हजर होते, त्यांनी हात वर करावा. मी थांबतो."

आणि टेपवरचा आवाज थांबला. 'ऐतिहासिक'नंतर थांबला होता तसा, फक्त त्याहून कितीतरी लांब. खालचा चौकही गप्प होता. वर खोलीत खुर्च्या करकरल्या. निरीक्षक मान वळवून एकेकाच्या हातांकडे बघत होते. दादा पेटीवर हात टेकून उभा होता आणि पुटपुटला, "दाजी, अहो दाजी," त्या खऱ्या, बारीक आवाजात, जो त्याच्या बहिणीला लहानपणापासून माहीत होता.

आवाज टेबलामागून बाहेर आला. मधल्या वाटेने चालताना त्याने कुणाच्या हाताकडे पाहिलं नाही. बायकोने त्याला जायला वाट मिळावी म्हणून गुडघे आत ओढले. ती उठली नाही. तिची नजर भावावर होती. ती थांबण्याची जागा त्याने टेपवर नेमकी खोलीतून बाहेर पडून जिना उतरण्याएवढी मोकळी ठेवली होती. तो दारातून निघाला आणि जिना उतरू लागला.